नानीमाँचा आवाज आणि ‘फॉरमॅट’चे बटण

आमच्या घरात नानीमाँच्या आवाजाची एक सीडी आहे. 2006 सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मामेभावाने संगणकाला माईक जोडून नानीमाँना बोलते केले होते. हळदीच्या रात्री ढोलकीवर म्हणायची गाणी, जात्यावरचे चक्कीनामे, आपल्या अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत त्या काळच्या आठवणी आणि घराण्यातले कोण कुठल्या गावच्या कब्रस्तानात दफन आहे, त्याची यादी. चार-चार मिनिटांच्या 11 फाइली झाल्या. त्या वेळी ‘पुन्हा पुन्हा लिहिता येते’ म्हणून थोडे जास्त पैसे देऊन रीरायटेबल, म्हणजे आरडब्ल्यू सीडी आणली होती. पुढच्याच वर्षी नानीमाँचा इंतकाल झाला. सीडी कपाटात राहिली. ‘आहे ना आपल्याकडे’ या समाधानावर आम्ही अनेक वर्षे काढली.

यंदा भाचीचे लग्न ठरले. खालाजान म्हणाल्या, “हळदीच्या रात्री अम्मीची गाणी लावा.” नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नव्हती. शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. सीडी घरघर फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मग पडद्यावर प्रश्न आला : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

मुलीचे बोट ‘हो’वर जाणार, एवढ्यात आम्ही ओरडलो, “थांब बेटा!” हा लेख त्या एका ‘थांब’साठीच लिहीत आहोत.

आधी हात आवरा

संगणकाचा तो प्रश्न मदतीच्या सुरात येतो, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. संगणकाला सीडीची अनुक्रमणिका वाचता आलेली नाही, एवढेच तो सांगत असतो. पुस्तकाचे पहिले पान फाटले म्हणून आतली पाने कोरी होत नाहीत. पण ‘हो’ म्हटले की तो पाटी पुसायला घेतो. साध्या सीडी-आरवर एकदा लिहिलेले पुसता येत नाही, त्यामुळे तिथे हा धोका नसतो. आरडब्ल्यूचा जो गुण, तोच तिचा धोका. म्हणून सीडी उघडत नसेल तर पहिला नियम : फॉरमॅट नाही, इरेझ नाही, आणि ‘चालते का पाहू’ म्हणून नवी फाइल टाकणेही नाही.

आत काय असते?

सीडी-आरडब्ल्यू 1997 च्या सुमारास बाजारात आली. तिच्या पोटात चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा अतिशय पातळ थर असतो. स्वयंपाकघरातला दाखला देतो. साखरेचा पाक हळूहळू निवू दिला तर खडीसाखरेचे खडे बनतात. तोच कडक पाक चिक्कीसाठी ताटात ओतून झटकन गार झाला तर काचेसारखा होतो. साखर तीच, मांडणी वेगळी. लेझरचा किरण या थराशी हेच करतो. जोरात तापवून पटकन गार केले की तो ठिपका मंद होतो. बेताने तापवले की पुन्हा स्फटिक बनून चमकतो. मंद आणि चमकदार ठिपक्यांच्या या रांगेतच आवाज, चित्र, अक्षरे साठवलेली असतात. असे लिहिणे-पुसणे साधारण हजार वेळा करता येते, असे उत्पादक सांगत.

यातच एक अडचण दडलेली आहे. कारखान्यात छापलेली गाण्यांची सीडी आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 70 टक्के प्रकाश परत पाठवते. आरडब्ल्यू मात्र जेमतेम 15 ते 25 टक्के. म्हणूनच जुने सीडी प्लेअर आणि थकलेले ड्राइव्ह तिला ‘रिकामी’ समजतात. एका ड्राइव्हने नकार दिला म्हणजे सीडी मेली, असे होत नाही.

धुण्याची रीत

आम्ही सीडी उजेडात धरून पाहिली. खालच्या बाजूला बोटांचे ठसे, धूळ आणि दोन बारीक ओरखडे होते. वरची, नाव लिहायची बाजू शाबूत होती. ही बाजू फार जपावी लागते. आपल्याला वाटते, चमकणारी बाजू नाजूक. प्रत्यक्षात तिथे सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड प्लॅस्टिक असते. वरच्या बाजूला मात्र माहितीचा थर लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. तिथला पापुद्रा उडाला की त्या जागेचा मजकूर गेलाच. बल्बसमोर धरल्यावर बारीक भोके दिसली तर ती हीच जखम समजावी.

कोमट पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि जुने मऊ मलमलचे कापड एवढ्यावर काम होते. पुसताना मधल्या भोकाकडून काठाकडे, सरळ रेषेत पुसावे. ताट घासल्यासारखे गोल-गोल नको. माहिती गोल फिरत जाणाऱ्या रेषेत लिहिलेली असते. आडवा ओरखडा त्या रेषेला जागोजागी थोडाथोडा छेदतो. तेवढी तूट भरून काढण्याची सोय सीडीत आधीच केलेली असते. सलग अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट ड्राइव्ह स्वतः हिशेबाने भरू शकतो. पण गोल ओरखडा रेषेच्या बाजूने धावतो आणि सलग मजकूर खातो. तो हिशेब मग जुळत नाही.

थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचे द्रव्य यांना हात लावू नये. प्लॅस्टिक कायमचे धुरकट होते. टूथपेस्टने घासायचा सल्ला आम्हालाही दोघा-तिघांनी दिला. टूथपेस्ट प्लॅस्टिकचा वरचा थर खरवडते. त्याने कधी फायदा होतो, कधी उरलेलेही जाते. ज्या सीडीची दुसरी प्रत नाही तिच्यावर असला प्रयोग आम्ही केला नाही.

ड्राइव्ह बदलून पाहा

धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा लावली. या वेळी फाइलींची नावे दिसली! मुलीने टाळ्या वाजवल्या. पण कॉपी करायला गेलो तर तिसऱ्याच फाइलीवर गाडी अडली. ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा संदेश आला. शिक्षकांच्या भाषेत सांगायचे तर हा हजेरीचा प्रकार आहे. सहलीला निघताना मोजलेली मुले चाळीस आणि परत आल्यावर एकोणचाळीस भरली, तर आपण बस पुढे नेत नाही. प्रत्येक तुकड्याबरोबर अशी मोजणीही लिहिलेली असते. ती जुळली नाही की संगणक तिथेच थांबतो आणि मागची चांगली मुलेही अडकून पडतात.

बाहेरून जोडायच्या ड्राइव्हला कधी वीज अपुरी पडते. त्याला दोन पिना असतील तर दोन्ही लावाव्यात. जमल्यास सीडी लिहू शकणारा, म्हणजे रायटर असलेला, जुना संगणक शोधावा. ज्या ड्राइव्हने सीडी लिहिली तो मिळाला तर उत्तमच. आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्यांकडे धूळ खात पडलेला एक जुना संगणक होता. त्यातल्या रायटरने दुसऱ्या प्रयत्नात सीडी ओळखली.

दुसरी एक गोष्ट तिथे समजली. त्या काळी आरडब्ल्यूवर पेनड्राइव्हसारखी फाइल ओढून टाकायची सोय देणारे खास प्रोग्राम होते. अशी सीडी बाहेर काढताना नीट ‘बंद’ केली नसेल, किंवा मध्येच वीज गेली असेल, तर अनुक्रमणिका अर्धवट राहते. विजेचा लपंडाव आपल्याकडे काही नवा नाही. अशा वेळी फाइली असतात, पत्ता नसतो. आयसोबस्टरसारखा प्रोग्राम अनुक्रमणिकेवर विसंबून न राहता सीडीवरच फाइलींचा शोध घेतो.

आधी प्रत, मग दुरुस्ती

खराब सीडी पुन्हा पुन्हा वाजवून पाहण्यात वेळ घालवू नये. आधी तिची आहे तशी पूर्ण प्रत हार्डडिस्कवर उतरवावी आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. लिनक्सवर चालणारा डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम हे काम शहाण्या विद्यार्थ्यासारखे करतो. आधी येणारी सगळी उत्तरे लिहितो, अडलेला प्रश्न सोडून पुढे जातो आणि शेवटी मागे येऊन अवघड प्रश्नांशी झटतो. कुठले तुकडे राहिले याची नोंदही ठेवतो, त्यामुळे काम मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ड्राइव्हवरही पुढे चालू करता येते.

आमचे काम दोन रात्री चालले. 11 पैकी 9 फाइली पूर्ण निघाल्या. दहावीत मध्ये मध्ये आवाज तुटतो, पण गाणे कळते. अकरावी निघाली नाही. ती होती दफनभूमींच्या यादीची.

हळदीच्या रात्री नानीमाँचा आवाज अंगणात घुमला तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी आपसूक ठेका धरला. नवरी रडली, खालाजान रडल्या. आम्हाला आनंद होताच, पण ती अकरावी फाइल मनात सलत होती. सीडीने दगा दिला म्हणावे, तर सीडीला आम्ही काय दिले? मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापणारे लोखंडी कपाट आणि इतक्या वर्षांत एकही दुसरी प्रत नाही.

कपाट उघडा

आमच्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. चारशे वर्षांपूर्वी लांबलचक कापडावर लिहिलेली ती अक्षरे पाहायला डोळे पुरतात. सीडीचे तसे नाही. सीडी टिकली तरी ती वाचणारे यंत्र टिकायला हवे. नव्या लॅपटॉपमधून ड्राइव्ह गेले. भारतात घरोघरी ज्यांच्या सीडी पोचल्या त्या मोझर बेअर कंपनीवरही 2018 साली अवसायनाची वेळ आली. म्हणजे ‘पुढे कधीतरी बघू’ म्हणायला फारसा अवधी उरलेला नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही घरी निकाहची, हजहून परतल्यावर काढलेल्या चित्रीकरणाची, मरहूम वडिलांच्या आवाजाची एखादी सीडी असेलच. येत्या सुट्टीत ती काढा. जी उघडते तिची प्रत आजच करा. जी उघडत नाही तिच्यासाठी वर सांगितलेला क्रम लावा. प्रती दोन ठेवा आणि त्या एकाच कपाटात नकोत. एक हार्डडिस्कवर घरी, दुसरी बहिणीकडे किंवा मुलीच्या सासरी. नुसत्या पेनड्राइव्हवर विसंबू नका. तोही कायमचा नसतो. वर्षातून एकदा, ईदच्या साफसफाईत, दोन्ही प्रती उघडून पाहा. मूळ सीडी उन्हापासून दूर, तिच्या डबीत उभी ठेवा आणि तिच्यावर चिकटपट्टी लावू नका.

आणि ज्यांचा आवाज साठवायचा ते हयात असतील तर सीडीच्या आधी त्यांच्याकडे जा. लग्नाची गडबड संपल्यावर आम्ही खालाजानसमोर मोबाइल ठेवून बसलो. अकराव्या फाइलीतली नावे त्यांनी आठवून सांगितली. नानीमाँनी सांगितलेली सगळी नव्हती, पण सात गावे आणि बारा नावे निघाली. मुलीने ती वहीतही उतरवून घेतली, उर्दूत आणि मराठीत. त्या रेकॉर्डिंगच्या त्याच रात्री दोन प्रती केल्या. एक आमच्याकडे आहे, एक खालाजानकडे.