माजी सैनिकांचे आरोग्यलाभ व मेडिकेअर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) सैनिकी सेवेमुळे मिळणाऱ्या वैद्यकीय सवलती आणि मेडिकेअर हा वृद्धांसाठी असलेला सार्वजनिक आरोग्यविमा यांच्या परस्परसंबंधाची व्यवस्था. या सवलती दोन प्रकारच्या आहेत. सामान्यतः वीस वर्षे सेवा करून निवृत्तिवेतनास पात्र ठरलेल्यांना संरक्षण खात्याची ‘ट्रायकेअर’ योजना लागू होते. माजी सैनिक खात्याच्या रुग्णालयांचा लाभ मात्र अल्पकाळ सेवा केलेल्या पात्र सैनिकांनाही मिळतो. मेडिकेअरशी या दोहोंचा संबंध सर्वस्वी भिन्न आहे.

मेडिकेअरचा कायदा १९६५ मध्ये संमत झाला. ६५ वर्षांवरील बहुतेक नागरिक तिच्या कक्षेत येतात. तिच्या ‘ए’ भागात रुग्णालयातील उपचार, तर ‘बी’ भागात डॉक्टरांची सेवा व बाह्यरुग्ण उपचार यांचा समावेश होतो. ‘ए’ भागासाठी बहुतेकांना हप्ता द्यावा लागत नाही. ‘बी’ भागासाठी मात्र तो दरमहा द्यावा लागतो.

निवृत्त सैनिकांना नागरी डॉक्टरांकडील उपचारांसाठी १९६६ च्या कायद्याने साहाय्य मिळू लागले. परंतु ६५ व्या वर्षी मेडिकेअर लागू होताच हा हक्क संपत असे. त्यानंतर लष्करी रुग्णालयात जागा असेल तरच तेथे उपचार होत आणि शीतयुद्धानंतर अनेक लष्करी तळ बंद झाल्याने ही सोयही आकुंचित झाली. भरतीच्या वेळी आजन्म विनामूल्य उपचारांचे आश्वासन मिळाले होते, असे दुसऱ्या महायुद्धाच्या व कोरियन युद्धाच्या पिढीतील निवृत्त सैनिकांचे म्हणणे होते. त्यांची बाजू निवृत्त कर्नल जॉर्ज डे यांनी न्यायालयात मांडली. अशी आश्वासने सद्‌भावनेने दिली गेली असली, तरी त्यांना कायद्याचा आधार नसल्याने ती शासनावर बंधनकारक नाहीत, असा निर्णय अपील न्यायालयाने २००२ मध्ये दिला. तत्पूर्वीच, २००० मध्ये संमत झालेल्या कायद्यान्वये ‘ट्रायकेअर फॉर लाइफ’ ही योजना १ ऑक्टोबर २००१ पासून अंमलात आली होती.

या योजनेत मेडिकेअर प्रथम पैसे देते व उर्वरित रक्कम ट्रायकेअर भरते. उदा., वार्षिक वजावट पूर्ण झाल्यावर मान्य शुल्क १०० डॉलर असल्यास ‘बी’ भागातून सामान्यतः ८० डॉलर व ट्रायकेअरकडून २० डॉलर दिले जातात. रुग्णास काहीच द्यावे लागत नाही. परदेशातील उपचारांना मेडिकेअर सहसा लागू नसल्याने तेथे ट्रायकेअर हीच प्रथम पैसे देते. मात्र रुग्णासही खर्चाचा काही वाटा उचलावा लागतो. योजनेस वेगळा हप्ता नाही. तथापि ‘बी’ भागाची नोंदणी आवश्यक असते. ती न केल्यास मेडिकेअरला पात्र असलेल्या निवृत्त सैनिकाचे ट्रायकेअरचे संरक्षणही जाते.

माजी सैनिक खात्याच्या बाबतीत असा समन्वय नाही. त्याच्या रुग्णालयातील उपचारांचे पैसे मेडिकेअर देत नाही आणि खाजगी डॉक्टरांकडील मेडिकेअरच्या उपचारांतील रुग्णाचा वाटा खाते सहसा उचलत नाही. त्यामुळे प्रत्येक उपचाराच्या वेळी रुग्णास दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. खात्याकडे नोंदणी आहे म्हणून ‘बी’ भाग टाळल्यास पुढे तो घेताना विलंबाच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो व ही वाढ बहुधा कायम राहते. लष्करी निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या वृद्ध माजी सैनिकांचे या बाबतीतील गैरसमजामुळे मोठे नुकसान होऊ शकते.