जेट-स्कीने बेटावर : गिऱ्हाईक पैसे नेमके कशाचे देतं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘सेवेचा दर कसा ठरवायचा’ हे बघितलं. फळ्यावर जागा संपली म्हणून एक उदाहरण राहून गेलं. ते इथे सविस्तर घेतो. उदाहरण पाण्यावरचं आहे, पण तुमचं सलून असो, केटरिंग असो की क्लास, शेवटी तुम्ही स्वतःच्या धंद्यावर येऊन पोचाल.

उदाहरण आहे जेट-स्कीवरून, मार्गदर्शकासोबत, जवळच्या बेटावर जाण्याचं. जागा मालवण तालुक्यातलं देवबाग. नकाशा उघडा. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी, तेच देवबाग. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते. त्या संगमाजवळ खाडीत वाळूचा एक उंचवटा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं स्थानिक लोक सांगतात, म्हणून नाव पडलं ‘त्सुनामी आयलंड’. सगळा सीझन पर्यटक तिकडे जात असतात.

आधी गिऱ्हाईक होऊन जाऊ. मग गल्ल्यामागे बसू.

राउंड वेगळा, सफर वेगळी

आपल्या किनाऱ्यावर जेट-स्की म्हटलं की बहुतेक ठिकाणी मिळतो तो ‘राउंड’. बनाना राइड, बंपर राइड आणि जेट-स्की असं पॅकेज असतं. तुम्ही बसता, चालक तुमच्यासोबत असतो, एक गोल फेरा होतो, फोटो निघतो, उतरा. यात वाईट काही नाही. पण इथे गिऱ्हाईक मिनिटं मोजतं. शेजारचा पन्नास रुपये कमी म्हणाला की तिकडे जातं, कारण दोघांचा माल सारखाच दिसतो.

जगात काही ठिकाणी हेच यंत्र वेगळ्या पद्धतीने विकलं जातं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या टोकाला की वेस्ट नावाचं बेट आहे. तिथे मार्गदर्शक पुढे आणि पाहुण्यांच्या जेट-स्की मागे, अशी अख्ख्या बेटाला वळसा घालणारी सफर असते. ऑस्ट्रेलियात एअरली बीचवरून व्हिटसंडे बेटांच्या बाजूला अशाच सफरी निघतात. यंत्र तेच, पाणी तेच. पण तिथे कोणी ‘किती मिनिटं?’ विचारत नाही. विचारतात, ‘कुठे नेणार? काय दाखवणार? कधी परत?’

प्रश्न बदलला की दराची चर्चाही बदलते. हे वाक्य वहीत लिहून घ्या.

सफर सुरू होते भरतीच्या गणितापासून

समजा तुम्ही देवबागला अशी सफर बुक करायला फोन केला. म्हणालात, ‘उद्या सकाळी दहाला येतो.’ चांगला सफरवाला लगेच ‘या’ म्हणणार नाही. तो आधी भरती बघेल.

आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी. ही वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. कोकणातले जुने लोक तिथीला पाऊणने गुणून भरतीची ढोबळ वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास. नेमकी वेळ मात्र छापील कोष्टकातूनच घ्यायची, कारण गावागावाप्रमाणे फरक पडतो. पूर्ण भरतीला वाळूचं हे बेट बरंचसं पाण्याखाली जातं, मग उतरणार कुठे? उलट ओहोटीला खाडीत ठिकठिकाणी उथळ होतं. जेट-स्की तळातून पाणी खेचते आणि मागच्या नळीतून जोरात फेकते, त्या धक्क्यावर ती पुढे जाते. उथळ पाण्यात पाण्याबरोबर वाळूही आत जाते आणि आतला पंखा खराब होतो. म्हणून कमरेएवढं पाणी असल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, हा साधा नियम.

म्हणजे सफरीची वेळ घड्याळ ठरवत नाही, पाणी ठरवतं. ‘उद्या दहाला नाही जमणार, साडेबाराला या, तेव्हा बेट मस्त उघडं असेल,’ असं उत्तर मिळालं तर समजा, माणूस योग्य आहे. गिऱ्हाईकाला नकार मिळाला, पण त्याचा विश्वास वाढला.

दहा मिनिटांची शिकवणी

किनाऱ्यावर पोचलात. लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे आवळले. आता मार्गदर्शक दहा मिनिटं बोलणार. ही दहा मिनिटं काही लोक वाचवतात, कारण तेवढ्यात एक राउंड जास्त होतो. पण त्यात काय सांगतात ते ऐका.

पहिली गोष्ट, थ्रॉटल सोडला की जेट-स्की नीट वळत नाही. गाडीचं तसं नसतं, रेस सोडली तरी हँडल काम करतं. इथे वळवणारी शक्ती मागून निघणाऱ्या पाण्यातच आहे. पाणी बंद, तर वळणंही जवळजवळ बंद. समोर होडी दिसली की नवखा माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो, हँडल फिरवतो आणि यंत्र सरळच जातं. काही नव्या मॉडेलमध्ये यावर सोय असते, पण सगळीकडे ती मशीन नसते. म्हणून लांबूनच वळायचं आणि अंतर ठेवायचं.

दुसरी गोष्ट, मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची दोरी. चालवणारा पाण्यात पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. ती अडकवली नसेल तर सफर सुरूच होत नाही.

तिसरी, पडलात तर मागच्या बाजूने चढायचं, तेही इंजिन बंद असताना. मागच्या नळीसमोर उभं राहायचं नाही.

चौथी, हाताच्या खुणा. थांबा, हळू, माझ्या मागे या.

ही शिकवणी मोफत दिसते, पण सफरीतला सगळ्यात महाग भाग हाच आहे. कारण ती द्यायला शिकलेला माणूस लागतो. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत बोट चालवण्याचं आणि जीवरक्षणाचं प्रशिक्षण मिळतं. तिथे मुलगा पाठवायचा म्हणजे फी, राहण्याचा खर्च आणि तेवढे दिवस त्याच्याशिवाय धंदा चालवणं. हे सगळं तुमच्या दरात यायला हवं.

पुढे असलेला माणूस

आता पाण्यावर. मार्गदर्शक पुढे, त्याच्या मागे रांगेत तुम्ही. तो सरळ रेषेत जात नाही हे तुमच्या लक्षात येईल. एका जागी उगाच लांबचा वळसा घेतो. का? तिथे जाळं लावलंय. पुढे वेग कमी करतो, कारण होडी येतेय आणि आपल्या लाटांनी ती हलू नये. डॉल्फिन दिसले तर लांबच थांबतो, पाठलाग करत नाही.

हे ज्ञान कुठल्याही कोर्समध्ये पूर्ण मिळत नाही. ज्याचे वडील रापणीला जात होते, ज्याला वाळूचा दांडा यंदा कुठे सरकलाय ते माहीत आहे, त्याच्याकडे ते असतं. बाहेरून भांडवल आणून कोणीही चार मशीन घेऊ शकतो. हा माणूस त्याला विकत मिळत नाही. स्थानिक मुलांनो, तुमचं भांडवल इथे आहे, ते फुकट वाटू नका.

बेटावर उतरल्यावर तो तुम्हाला संगम दाखवतो, समोरचा भोगव्याचा किनारा दाखवतो, बेट कसं आलं त्याची गोष्ट सांगतो. पाणी चढायला लागलं की आवाज देतो, ‘चला, निघूया.’ गिऱ्हाईक घरी जाऊन हीच गोष्ट सांगतं. मशीन किती सीसीचं होतं ते कोणी सांगत नाही.

आता गल्ल्यामागे या

हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा महिन्याचा ठरलेला खर्च १,८०,००० रुपये. त्यात मशीनचा हप्ता, पगार, विमा, परवाना, रोज गोड्या पाण्याने धुणं आणि दुरुस्ती. एका सफरीचं पेट्रोल १,२०० रुपये. दिवसाला तीन सफरी.

बहुतेक जण महिना ३० दिवसांचा धरतात. ३० गुणिले ३ म्हणजे ९० सफरी. एका सफरीवर ठरलेला खर्च २,००० रुपये, पेट्रोल १,२००, एकूण ३,२००. दर लावला ४,०००. वहीत दिसतं की सफरीमागे ८०० रुपये सुटले.

पण समुद्र महिन्याला ३० दिवस देत नाही. वारा सुटतो, भरती अवेळी येते, मशीन बसतं. समजा दिवस मिळाले २०. सफरी ६०. आता एका सफरीवर ठरलेला खर्च ३,००० आणि पेट्रोल १,२००, म्हणजे ४,२००. दर तोच ४,०००. प्रत्येक सफरीत २०० रुपये खिशातून. महिन्याला १२,००० रुपये तोटा.

आता एकविसाव्या दिवशी काय होतं ते डोळ्यासमोर आणा. वारा सुटलाय. संगमावर लाटा फुटताहेत. किनाऱ्यावर पुण्याचं कुटुंब उभं आहे, हातात रोकड. हप्त्याची तारीख परवा. मार्गदर्शक म्हणतो, ‘दादा, आज नको.’ मालक म्हणतो, ‘एकच फेरी मार रे, काही होत नाही.’

हा मालक वाईट माणूस नाही. त्याच्या दराने त्याला तिथे आणून उभं केलंय. ३० दिवसांवर दर ठरवला त्याच दिवशी हा धोका ठरला होता.

पाण्यावर ‘काही होत नाही’ची किंमत काय असते ते मालवणकरांना सांगायला नको. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. सीझन संपायला आला होता. अपघाताची कारणं तपासणं आपलं काम नाही. पण अशा घटनेनंतर फक्त एका बोटीचा धंदा बसत नाही, अख्ख्या किनाऱ्याकडे लोक संशयाने बघतात.

म्हणून तोच दर २० दिवसांवर काढा. ५,००० लावला तर ६० सफरींवर महिन्याला ४८,००० रुपये राहतात. आणि एकविसाव्या दिवशी तुम्ही निवांत म्हणू शकता, ‘आज नाही.’ नकार देण्याची ताकद स्वभावात नंतर येते, आधी ती दरात असावी लागते.

‘आज नाही’ कसं म्हणायचं

नुसता नकार दिला तर गिऱ्हाईक चिडतं. पद्धत ठरवून ठेवा:

- बुकिंग घेतानाच सांगा : आम्ही हवामानामुळे रद्द केलं तर पूर्ण पैसे परत किंवा दुसरा दिवस. तुम्ही उशिरा आलात तर भरती थांबत नाही.
- सकाळीच कळवा. किनाऱ्यावर येऊन परत जायला लावू नका.
- पर्याय तयार ठेवा. समुद्र खवळलेला असताना कर्ली नदीत आत, शांत पाण्यात होडीची फेरी होऊ शकत असेल तर ती द्या. तीही सुरक्षित असेल तरच.
- अंतिम शब्द मार्गदर्शकाचा. तो ‘नको’ म्हणाला तर मालकानेही उलटायचं नाही, आणि त्या दिवसाचा त्याचा पगार कापायचा नाही.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. ज्याचा पगार फेऱ्यांवर अवलंबून आहे, तो ‘नको’ कसा म्हणेल?

आणि हो, ज्यांना खरंच अशी सफर सुरू करायची आहे त्यांनी आधी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात जा. कोणता मार्ग, किती मशीन, पाहुण्याने स्वतः चालवायचं की चालक सोबत हवा, हे तिथे विचारून मगच पैसे गुंतवा. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. ते महिनेही वर्षाच्या हिशेबात धरा.

तुमचा गृहपाठ

तुमच्या धंद्यातही ‘वारा सुटलेला दिवस’ असतो. केटरिंगवाल्याला दोनशे पानांची ऑर्डर आदल्या रात्री येते आणि ताजं सामान मिळत नाही. इलेक्ट्रिशियनला गिऱ्हाईक म्हणतं, ‘अर्थिंग राहू दे, नुसतं चालू करून द्या.’ ब्युटी पार्लरमध्ये चाचणी न करता केसांना रंग लावायचा आग्रह होतो.

आज रात्री तीन ओळी लिहा :

१. माझ्या धंद्यात मी कोणत्या वेळी ‘नाही’ म्हणायला हवं?
२. महिन्यात असे दिवस साधारण किती?
३. ते दिवस वजा करून माझा दर किती येतो?

तिसरा आकडा आजच्या दरापेक्षा मोठा आला, तर दर बदलायची तारीख चौथ्या ओळीत लिहा. भिंतीवर लावा, घरच्यांना दाखवा.

आणि सुट्टीत देवबागला गेलात, तर बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा : ‘वारा असेल तर काय करता?’ उत्तर देताना समोरचा गडबडला नाही, तर खुशाल जॅकेट चढवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशेब चोख ठेवा, माणसं जपा.