दुपारी पान फिकट का दिसते?

सकाळी गर्द हिरवे असलेले पान भर दुपारी किंचित फिकट दिसले, तर लगेच युरियाचे पोते उघडू नये. पुष्कळदा नत्र कमी झालेले नसते. पानातील हरितकणांनी फक्त जागा बदललेली असते.

पानाच्या पेशींत हरितद्रव्याने भरलेले बारीक हरितकण असतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात पाण्यात वाढणाऱ्या हायड्रिलाचे पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की, हे कण पेशीरसाबरोबर भिंतीच्या कडेने फिरताना विद्यार्थ्यांना स्पष्ट दिसतात. जमिनीवरील पिकांत ही हालचाल संथ असते, पण ती उजेडाच्या तालावर चालते.

मंद उजेडात हरितकण उजेडासमोर पसरतात, म्हणजे मिळेल तेवढा उजेड टिपता येतो. ऊन प्रखर झाले की ते पेशीच्या उभ्या भिंतींलगत सरकून एकामागे एक राहतात. उन्हाच्या वेळी गुरे झाडाखाली दाटीने उभी राहतात, तसेच. मधून उजेड आरपार जातो व पान फिकट भासते. हे काही मिनिटांत सुरू होते आणि ऊन उतरले की कण परततात. हरितद्रव्य तेवढेच असते.

ही हालचाल घडवतो तो मुख्यतः निळा प्रकाश. तो ओळखणाऱ्या प्रथिनांना फोटोट्रॉपिन म्हणतात. खिडकीतले रोप उजेडाकडे झुकते, तेही यांच्यामुळेच. जपानी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिसची जी रोपे कण कडेला नेऊ शकत नव्हती, त्यांच्या पानांना प्रखर प्रकाशात जास्त इजा झाली.

सर्व पिकांत हा फरक डोळ्यांना सारखा दिसत नाही. तंबाखूत मात्र कण सरकल्याने हरितद्रव्य मोजणाऱ्या मीटरचा आकडाही बदलतो. म्हणून मीटरची नोंद रोज ठराविक वेळी घ्यावी. मावळात इंद्रायणी भाताला रंगतक्ता लावताना सकाळी ८ ते १० ही वेळ धरावी आणि पान आपल्या अंगाच्या सावलीत ठेवावे.

शंका असल्यास पानावर काळ्या कागदाची पट्टी चिमट्याने लावून तासभर उन्हात ठेवावी. काढल्यावर झाकलेला पट्टा गडद दिसला, तर कण सरकले असे समजावे. खरी नत्राची कमतरता असेल तर आधी खालची जुनी पाने पिवळी पडतात, आणि ती दुसऱ्या दिवशी पहाटेही पिवळीच असतात.