छोटा टॅब, खंडाळ्याचे बोगदे आणि अर्ध्यात मेलेली स्क्रिप्ट

बरेच जण विचारतात, "आठ इंची टॅबवर खरंच काम होतं का रे?" होतं. पण आधी माझी फजिती ऐका.

डेक्कन क्वीनने मुंबईला निघालो होतो. टॅबवरून एसएसएच केलं आणि सर्व्हरवर डेटाबेस बदलायची स्क्रिप्ट सुरू केली. खंडाळ्याचे बोगदे आले, रेंज गेली. घाट उतरल्यावर बघतो तर स्क्रिप्ट अर्ध्यात मेलेली. काही टेबलं नवी, काही जुनी! दादरपर्यंत निस्तरत बसलो.

चूक टॅबची नव्हती. एसएसएच टीसीपी कनेक्शनवर चालतं. ते तुटलं की त्या सेशनमधल्या कमांडला सर्व्हरवर 'हँगअप' सिग्नल मिळतो आणि ती बहुधा बंद पडते.

यावर उपाय दोन. पहिला टीमक्स. कमांड त्याच्या आत चालवा. कनेक्शन गेलं तरी ती सर्व्हरवर चालूच राहते. परत येऊन 'टीमक्स अटॅच' केलं की स्क्रीन जशीच्या तशी समोर.

दुसरा मॉश. एमआयटीत तयार झालेलं, २०१२ मध्ये आलेलं हे टूल यूडीपी वापरतं. वायफायवरून मोबाइल डेटावर गेलात, आयपी बदलला, तरी सेशन टिकतं. फक्त सर्व्हरवर ६०००० पासून पुढचे यूडीपी पोर्ट उघडे हवेत.

लांबलचक कोड मी अजूनही लॅपटॉपवरच लिहितो. लॉग बघणं, सर्व्हिस रीस्टार्ट करणं, छोटा फिक्स, एवढ्याला टॅब आणि घडीचा कीबोर्ड पुरतो.

थोडक्यात, टॅब ही नुसती खिडकी. काम सर्व्हरवरच राहू द्या. आणि घाट यायच्या आधी टीमक्स लावलंय ना, ते बघा! चला, भेटू पुढच्या भागात.