स्क्रीन काळी कधी, पांढरी कधी?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत रात्री दहानंतर फेरी मारली, तर भट्ट्या आणि मशीन शॉप यांच्या बरोबरीने कारखान्यांच्या फाटकाजवळच्या केबिनमधले संगणकही सुरू दिसतात. गाडी भरली की वजनकाट्याची पावती, चलन, ई-वे बिल हे सगळं तिथंच तयार होतं. १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर ई-वे बिल लागतं. म्हणजे गाडी रात्री सुटणार असेल, तर कुणाला तरी रात्रीच कीबोर्डवर बसावं लागतं. बाहेर अंधार, केबिनमध्ये एखादी ट्यूब आणि समोर पांढरीफटक एक्सेल शीट. दोन-तीन तासांत डोळे चुरचुरायला लागतात. मग शेजारचा कुणीतरी सांगतो, “डार्क मोड करून घे, डोळ्याला बरं पडतंय.”

हा सल्ला अर्धा बरोबर आहे. स्क्रीनचा उजेड खोलीच्या उजेडाशी जुळवून घेण्यासाठी डार्क मोड चांगला उपयोगी पडतो. पण डोळ्यांचा त्रास जाईल म्हणून सगळ्यांच्या स्क्रीन दिवसरात्र काळ्या केल्या, तर काही जणांचा त्रास वाढेल.

काळी स्क्रीन तशी जुनीच. १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर मिळणाऱ्या एकरंगी मॉनिटरवर काळ्यावर हिरवी अक्षरं उमटत. वर्डस्टार आणि लोटस वन-टू-थ्रीवर काम केलेल्यांना ती आठवत असतील. त्याच वर्षी झेरॉक्सच्या ‘स्टार’ने आणि १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशने पांढऱ्यावर काळी अक्षरं आणली. कागदावर जसं छापून येणार, तसंच समोर दिसावं हा त्यामागचा विचार होता. पुढे विंडोजनेही तोच रस्ता धरला. काळा रंग परतला तो २०१६ च्या विंडोज १० मधल्या डार्क मोडमधून, मग २०१८ च्या मॅकओएस मोहावेतून आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० व आयओएस १३ मधून. फोन काळा झाला, तशी ऑफिसच्या संगणकाकडूनही लोक तीच अपेक्षा करू लागले.

आता डोळ्यांचं बघू. समोर उजेड असला की बाहुली आकसते. आकसलेल्या बाहुलीतून प्रतिमा जास्त रेखीव पडते आणि पुढचं-मागचं अंतरही अधिक स्पष्ट दिसतं. स्क्रीन काळी असली की बाहुली मोठी होते आणि अक्षरांच्या कडा थोड्या पसरतात. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या हाइनरिख हाइन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये तरुण आणि वयस्कर अशा दोन्ही गटांची तपासणी केली. पांढऱ्यावर काळं वाचताना दोन्ही गटांना बारीक अक्षर जास्त नीट दिसलं आणि मजकुरातल्या चुकाही जास्त सापडल्या. जिथं आकड्यातला एक अंक चुकला की गाडी नाक्यावर अडते, तिथं हा निष्कर्ष गंभीरपणे घ्यायला हवा.

ज्यांना दृष्टिवैषम्य आहे, म्हणजे चष्म्यात ‘सिलिंडर’चा नंबर आहे, त्यांना हा फरक विशेष जाणवतो. नंबर पूर्ण दुरुस्त केलेला नसेल, तर काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती त्यांना धूसर वलय दिसतं. मोतीबिंदू होऊ घातलेल्यांचा अनुभव मात्र उलटा असतो. त्यांच्या डोळ्यातलं भिंग ढगाळलेलं असल्यामुळे पांढऱ्या स्क्रीनचा उजेड आतल्या आत विखुरतो आणि सगळंच फिकट होतं. अमेरिकेत गॉर्डन लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कमी दृष्टी असलेल्यांच्या वाचनाचा अभ्यास केला होता. डोळ्यातले पारदर्शक भाग ढगाळलेले लोक काळ्यावर पांढरं जास्त चांगलं वाचतात, असं त्यात आढळलं. म्हणून एका टेबलावरच्या पंचविशीतल्या मुलीला पांढरी आणि शेजारच्या साठीच्या हेडक्लार्कना काळी स्क्रीन सोयीची वाटत असेल, तर दोघंही बरोबर आहेत. साहेबांनी एकच हुकूम काढून सगळ्यांच्या स्क्रीन सारख्या करायला लावू नयेत.

डोळे चुरचुरण्याचं मोठं कारण मात्र रंगात नाही. स्क्रीनकडे टक लावून पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. स्क्रीनच्या निळ्या उजेडाने डोळ्याला इजा होते याला पुरावा नाही, असं अमेरिकेच्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने स्पष्ट सांगितलं आहे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहावं, हा त्यांचाच सल्ला. केबिनच्या खिडकीतून काट्यावरच्या गाडीकडे पाहिलं तरी चालतं.

आपल्याकडच्या कामाचा एक विशेष इथं विचारात घ्यावा लागतो. डार्क मोडचं कौतुक जगभर केलं ते मुख्यतः प्रोग्रामर मंडळींनी. त्यांच्या टेबलावर कागद जवळजवळ नसतो. कुपवाडच्या ऑफिसात डाव्या हाताला चलनांची चवड, गेटपासचं पुस्तक आणि काट्याच्या पावत्या असतात. कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याच्या आणि हळदीच्या आवक-जावकीची नोंद आधी कागदावर होते आणि मग संगणकावर चढते. असं काम करताना नजर क्षणाक्षणाला पांढऱ्या कागदावरून काळ्या स्क्रीनवर आणि परत कागदावर जाते. प्रत्येक वेळी डोळ्याला नव्याने जुळवून घ्यावं लागतं. दिवसा, उजेडाच्या खोलीत, कागदावरून नोंदी करणाऱ्याने पांढरी स्क्रीनच ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय मागे खिडकी किंवा डोक्यावर ट्यूब असली की काळी स्क्रीन आरशासारखी चमकते आणि आकड्यांवर आपलाच चेहरा दिसतो.

त्यामुळे पहिलं काम मॉनिटरच्या बटणांचं. पुष्कळ मॉनिटर दुकानातून आले त्याच भडक ब्राइटनेसवर वर्षानुवर्षं चालतात. स्क्रीनवर कोरं डॉक्युमेंट उघडा आणि शेजारी कोरा कागद धरा. दोन्हींचा पांढरेपणा सारखा दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. बऱ्याच जणांची तक्रार इथंच संपते. रात्रीसाठी विंडोजमध्ये ‘नाइट लाइट’ आहे. सूर्यास्त ते सूर्योदय अशी वेळ लावली की स्क्रीन आपोआप पिवळसर होते.

एवढं करूनही रात्रपाळीला स्क्रीन काळी हवीच असेल, तर सेटिंग्जमधल्या पर्सनलायझेशनमध्ये जाऊन कलर्स उघडा. तिथं ‘डार्क’ आणि ‘कस्टम’ असे पर्याय मिळतात. कस्टममध्ये विंडोजचा पट्टा काळा आणि ॲप पांढरी, किंवा उलट, असं ठेवता येतं. मायक्रोसॉफ्ट ऑफिससाठी फाइलमधल्या अकाउंटमध्ये जा आणि ‘ऑफिस थीम’ निवडा. ‘डार्क ग्रे’मध्ये वरच्या पट्ट्या करड्या होतात, पण पान पांढरंच राहतं. कागदाशेजारी काम करणाऱ्यांना मी हीच थीम सुचवेन. ‘ब्लॅक’ निवडली तर नव्या वर्डमध्ये पानही काळं होतं. ते पान तात्पुरतं पांढरं करायला ‘व्ह्यू’मध्ये ‘स्विच मोड्स’ हे बटण आहे.

एक खूण मात्र नीट बघा. फाइल, ऑप्शन्स, जनरल या ठिकाणी ‘ही थीम माझ्या सगळ्या उपकरणांवर लावा’ अशा अर्थाचा चौकोन असतो. अनेक छोट्या कारखान्यांत एकाच ईमेलने सगळ्या संगणकांवर ऑफिस सुरू केलेलं असतं. तिथं ही खूण राहिली, तर रात्री केबिनमध्ये केलेला बदल सकाळी अकाउंट्स विभागातही दिसतो.

एक्सेलचं दुखणं वेगळं. कित्येक वर्षं ब्लॅक थीम लावली तरी एक्सेलच्या पट्ट्या काळ्या व्हायच्या आणि खाने पांढरेच राहायचे. खान्यांसकट डार्क मोड अगदी अलीकडच्या आवृत्त्यांत येऊ लागला. जुन्या आवृत्तीवरचे लोक मग एक युक्ती करतात. कंट्रोल-ए दाबून सगळी शीट निवडायची, खान्यांत काळा रंग भरायचा आणि अक्षरं पांढरी करायची. कृपा करून हे करू नका. थीम फक्त तुमच्या स्क्रीनपुरती असते, भरलेला रंग मात्र फाइलमध्ये जाऊन बसतो. प्रिंट काढली की पानभर काळा टोनर ओतला जातो आणि फाइल सीएंकडे गेली की त्यांच्याही डोळ्यांसमोर तोच अंधार उभा राहतो.

याचीच दुसरी बाजू अक्षरांच्या रंगात आहे, आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच होतो. अक्षराचा रंग ‘ऑटोमॅटिक’ असेल, तर पार्श्वभूमी काळी झाल्यावर अक्षर आपोआप पांढरं होतं. कुणी हाताने ‘काळा’ निवडलेला असेल, तर ते काही प्रोग्राममध्ये काळंच राहतं आणि काळ्यावर काळं दिसेनासं होतं. थकबाकी गडद लाल, बँकेचे आकडे गडद निळे ही ऑफिसांची नेहमीची पद्धत. हे दोन्ही रंग काळ्यावर सगळ्यात आधी बुडतात. ऑफिसच्या मूळ फॉरमॅट फाइल एकदा उघडून, साधी अक्षरं ऑटोमॅटिकवर आणली आणि खुणेसाठी गडद अक्षरांऐवजी खान्याला फिकट रंग व अक्षराला स्वतःचा काळा रंग दिला, तर तीच शीट दिवसाही आणि रात्रीही वाचता येते.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांच्या हातात इथं जास्त गोष्टी आहेत. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था २०१० पासून हे मोफत सॉफ्टवेअर चालवते आणि २०२३ च्या ७.५ आवृत्तीपासून त्यातला डार्क मोड चांगलाच सुधारला. टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस या रस्त्याने गेलात की नव्या आवृत्तीत ‘अपिअरन्स’ आणि थोड्या जुन्या आवृत्तीत ‘ॲप्लिकेशन कलर्स’ मिळतं. तिथं पानाची पार्श्वभूमी, खान्यांच्या रेषा, दुवे अशा प्रत्येकाचा रंग स्वतंत्र ठरवता येतो. पार्श्वभूमीला अगदी काळाकुट्ट रंग देऊ नका. गडद करडा द्या. गूगलने आपल्या डार्क थीमसाठी गडद करड्याचीच शिफारस केली आहे, कारण काळ्याकुट्टावर शुभ्र अक्षरं टोचतात. ऑप्शन्समध्येच ॲक्सेसिबिलिटीत ‘स्क्रीनवर ऑटोमॅटिक अक्षररंग वापरा’ अशा अर्थाची खूण असते. ती केली की हाताने काळी केलेली अक्षरंही उजळतात, आणि मूळ फाइलला धक्का लागत नाही. चिन्हं दिसेनाशी झाली, तर ‘कोलिब्रे’ किंवा ‘ब्रीझ’चा गडद संच निवडा.

मराठी मजकुराला आणखी थोडी काळजी लागते. काळ्यावरचं पांढरं अक्षर आहे त्यापेक्षा जाड भासतं. रोमन लिपीला ते खपून जातं. देवनागरीत मात्र रफार, अनुस्वार, जोडाक्षरातली बारीक गाठ असं पुष्कळ काही शिरोरेषेच्या आसपास दाटलेलं असतं आणि ते पसरलं की ‘कर्ज’ आणि ‘करंज’ यांत डोळ्याला अडखळायला होतं. डार्क मोडमध्ये अक्षर एक-दोन पॉइंटने मोठं करा, ओळींमधलं अंतर थोडं वाढवा आणि ठळक अक्षरं टाळा. नव्या विंडोजमध्ये निर्मला हा फाँट असतोच, मंगल मात्र काही संगणकांवर वेगळा घ्यावा लागतो. साध्या जाडीची निर्मला किंवा मोफत मिळणारा ‘मुक्त’ काळ्यावर मला जास्त स्वच्छ दिसतो.

जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला डार्क थीम नसली तरी वाट आहे. विंडोजची खूण असलेलं बटण आणि अधिकचं चिन्ह दाबलं की मॅग्निफायर उघडतो. मग कंट्रोल, ऑल्ट आणि आय एकत्र दाबा, सगळी स्क्रीन उलट्या रंगांत दिसेल. रंग सुंदर दिसत नाहीत, पण काळी-पांढरी शीट वाचता येते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख लांब असलेल्यांना हे फार उपयोगी पडेल.

दोन पाळ्यांना एकच संगणक असेल, तर विंडोजमध्ये दोन यूजर अकाउंट काढा. रंग, नाइट लाइट, लिब्रेऑफिसच्या आवडी हे सगळं ज्याचं त्याच्या अकाउंटमध्ये साठतं. फाइल एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवल्या की काम अडत नाही आणि पाळी बदलताना रंगांवरून कुरबुरही होत नाही.

विजेचं बिल वाचेल म्हणून स्क्रीन काळी करणार असाल, तर तो विचार सोडा. ऑफिसांतले बहुतेक मॉनिटर एलसीडी असतात आणि त्यांचा मागचा दिवा काळ्या रंगातही जळतच राहतो. बचत होते ती ओएलईडी पडद्याच्या फोनवर. पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात पूर्ण ब्राइटनेसला ती ३९ ते ४७ टक्के निघाली, पण रोजच्या ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला केवळ ३ ते ९ टक्के.

हे सगळं करूनही डोकं दुखत असेल, तर थीम बदलत बसू नका, डोळे तपासून घ्या. कुपवाडला लागून मिरज आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केल्यापासून लांबलांबचे रुग्ण या गावात येत आले आहेत. चाळिशीचा चष्मा साधारण हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी बनवलेला असतो आणि मॉनिटर त्याहून वीतभर लांब असतो. म्हणून तपासणीला जाण्याआधी आपल्या डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजा, आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा.