तिकीट काढून गेलेली माणसे

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या व्हीसीए मैदानाचा विषय निघाला, की नांदेड-लातूरकडच्या पन्नाशी ओलांडलेल्या क्रिकेटवेड्यांना ३१ ऑक्टोबर १९८७ आठवतो. विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली आणि सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतले आपले एकमेव शतक ठोकले. त्याच मैदानावर, त्याच न्यूझीलंडविरुद्ध, आठ वर्षांनी झालेल्या सामन्याबद्दल विचारा. बहुतेक जण गप्प होतात.

२६ नोव्हेंबर १९९५, रविवार. मालिकेतला पाचवा सामना. नेथन अॅस्टलच्या ११४ धावांच्या जोरावर न्यूझीलंडने ३४८ धावा रचल्या. मधली सुट्टी झाली आणि पूर्वेकडच्या नव्याने बांधलेल्या स्टँडमधली भिंत कोसळली. किमान नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडले, अनेक जखमी झाले. त्यानंतर भारताचा डाव झाला आणि भारत ९९ धावांनी हरला. तीन दिवसांनी मुंबईचा सामना जिंकून भारताने मालिकाही ३-२ अशी खिशात घातली. कोणी किती धावा केल्या, कोण कसा बाद झाला, हे आजही एका क्षणात सापडते. मेलेल्यांचा आकडा मात्र कुठे नऊ दिसतो, कुठे त्याहून जास्त. त्यांची नावे तर कोणाच्याच तोंडी नाहीत.

याच शहरात वर्षभर आधी, २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधानभवनावर मोर्चा घेऊन आलेले गोवारी समाजाचे ११४ जण चेंगराचेंगरीत गेले. त्यांत बहुतांश बायका आणि मुले होती. त्यांचे स्मारक झिरो माइलजवळ उभे आहे. दरवर्षी २३ नोव्हेंबरला गोवारी बांधव तिथे जमतात आणि त्या मोर्चाची जुनी मागणी नव्याने मांडतात. आमच्या लातूर जिल्ह्यातही ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची आठवण किल्लारी परिसर दरवर्षी काढतो. पहाटे चारच्या सुमारास घरे अंगावर कोसळली, हजारो माणसे गेली, गावे दुसरीकडे वसवावी लागली. पण पुढच्या पिढीला सांगणारे गाव मागे उरले.

प्रेक्षकांचे तसे नसते. ते तिकीट काढून येतात, दिवसभर एका सुरात ओरडतात आणि संध्याकाळी आपापल्या एसटीने पांगतात. त्यांची ना जात, ना गाव, ना संघटना. त्यांच्यातले कोणी मेले, तर दुःख त्या त्या घरापुरते उरते. सगळ्यांच्या वतीने जाब विचारायला कोणी नसते.

कोलकात्याने यातून वाट काढली. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा लीग सामना होता. दोन्ही संघांचे पाठीराखे एकाच स्टँडमध्ये बसलेले. मैदानावर दोन खेळाडूंची जुंपली आणि तिचे लोण वर पोचले. हाणामारी, पळापळ आणि चेंगराचेंगरीत १६ जण गेले. तेव्हापासून तिथे १६ ऑगस्ट हा फुटबॉलप्रेमी दिवस म्हणून पाळतात आणि रक्तदान करतात. ज्यांची भांडणे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, त्या दोन्ही क्लबांची माणसे रक्त द्यायला येतात.

लिव्हरपूलने त्याहून लांबचा पल्ला गाठला. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर, जाळीने बंदिस्त केलेल्या उभ्या प्रेक्षागारात त्यांचे पाठीराखे चिरडले गेले. मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला. पोलिसांनी आधी दोष प्रेक्षकांवरच ढकलला. घरच्यांनी तो मान्य केला नाही. या दुर्घटनेच्या चौकशीचा टेलर अहवाल १९९० मध्ये आला, त्यानंतर वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर सर्वांना बसायला खुर्च्या आल्या, जाळ्या गेल्या. तरी घरचे थांबले नाहीत. अखेर २०१६ मध्ये ज्युरीने निकाल दिला, की हे मृत्यू बेकायदा हत्या होते आणि पाठीराख्यांचा त्यात काही दोष नव्हता. यासाठी २७ वर्षे लागली.

आपल्याकडे अशी चिकाटी दिसली नाही आणि त्याची किंमत आपण मोजतोच आहोत. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर, आदल्या दिवशी आयपीएल जिंकलेल्या संघाला बघायला आलेले ११ जण चेंगरून मेले. नागपुरात भिंत पडली होती, इथे दारांशी गर्दी तुंबली. माणसे किती येतील आणि ती बाहेर कुठून पडतील, याचा हिशेब दोन्हीकडे चुकला.

लातूरला महाशिवरात्रीच्या सिद्धेश्वर यात्रेत कुस्त्या लागतात, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत फड रंगतो, नांदेड-लातूरच्या मैदानांवर क्रिकेटच्या स्पर्धा भरतात. तिथे गॅलरी बांधणाऱ्यांना आपण एवढे तरी विचारू: ही तपासली कोणी? बाहेर पडायची दारे किती? ती शेवटपर्यंत उघडी राहणार ना? आणि विदर्भातल्या क्रिकेटच्या धुरिणांकडे एक मागणी: २६ नोव्हेंबरला त्या प्रेक्षकांची नावे मैदानावर वाचून दाखवा. गावसकरांचे शतक बघायला आले होते तसलेच लोक होते ते.