पाटीशिवायचा मूकपट

मूकपटात संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येतात. जपानी दिग्दर्शक तेइनोसुके किनुगासा यांच्या 1926 सालच्या ‘कुरुत्ता इप्पेजी’त, म्हणजे ‘वेडाचं एक पान’मध्ये, अशी एकही पाटी नाही. मग कळतं कसं?

सुरुवातच पाहा. रात्र, धो धो पाऊस, विजा. मग झगमगीत पोशाखातली नर्तकी, तिच्यामागे गरगर फिरणारा भलामोठा गोळा. आपण म्हणतो, नाटकगृह असणार. कॅमेरा मागे सरकतो आणि मध्ये गज येतात. बाई वेड्यांच्या इस्पितळातल्या कोठडीत आहे. रंगमंच तिच्या मनातला. ती नाचतच राहते, आणि ढोल, कर्णे, पाऊस, वीज एकमेकांत मिसळतात. वादळाचा तिला ताल ऐकू येतोय, हे आपल्याला डोळ्यांनी ऐकू येतं!

ही मिसळण कॅमेऱ्यातच करता येई. एक दृश्य घ्यायचं, फिल्म मागे गुंडाळायची आणि तिच्यावरच दुसरं घ्यायचं. पहिल्या वेळी जिथे काळोख होता तिथली फिल्म कोरीच राहते. दुसरं चित्र तिथे ठळक उमटतं. मोजणी चुकली की दोन्ही दृश्यं वाया. छायाचित्रणाच्या चमूत एजी त्सुबुराया होते. 1954 च्या ‘गॉडझिला’तली चमत्कृती पुढे त्यांचीच.

अर्थात जपानी थिएटरात पडद्याशेजारी बेन्शी उभा राहून गोष्ट सांगत असे, त्याचा आधार होताच. पण आज बेन्शीविनाही म्हातारा नोकर कळतो. वेड लागलेल्या बायकोजवळ राहता यावं म्हणून तो या इस्पितळात कामाला लागलाय. शेवटाकडे तो स्वप्नात रुग्णांच्या चेहऱ्यांवर हसरे मुखवटे चढवतो. मुखवटा हलत नाही, तरी त्यामागचं दुःख हलताना दिसतं. मला वाटतं, इथे किनुगासांची पहिली शाळा कामी आली: दिग्दर्शक होण्याआधी ते पडद्यावर स्त्रीपार्ट करत. चेहरा रंगाआड असताना मान आणि खांदे किती बोलतात, हे त्यांनी अंगावर अनुभवलं होतं.

कथेत हात होता लेखक यासुनारी कावाबाता यांचा. त्यांना 1968 साली नोबेल मिळालं. किनुगासांच्या ‘जिगोकुमोन’ला 1954 साली कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ‘वेडाचं एक पान’ मात्र हरवलं असंच सगळे धरून चालले होते. 1971 साली किनुगासांना त्याची प्रत स्वतःच्याच कोठारात सापडली. पंचेचाळीस वर्षांनी त्यांनी तिला संगीत जोडलं आणि पुन्हा पडद्यावर आणलं.